पहिल्या मालकाचा घसारा

कृष्णकांतनं अंगठा मिटला, एवढंच झालं. कप फुटला नाही, कोणाचा आवाज चढला नाही, समोर बसलेल्या रुपरावांनी तर तर्री-पोह्याच्या बशीतून मानही वर काढली नाही. रविवारची सकाळ होती. धरमपेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये यॉटच्या गोष्टी चालल्या होत्या आणि मी चहाचा ट्रे धरून उभी होते. रुपराव म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कृष्णकांतचा, जुना दोस्त, कोळशाच्या ट्रकांचा धंदा करणारा, तोंडाचा फाटका. त्यांनी विचारलं, "कृष्णा, तुह्या घरात नवं असं काही हाये का नाही गा? आता बोटबी सेकंडहँडच घेऊन राहिला." या प्रश्नाचा कृष्णकांतला नेहमीच आनंद होतो. त्यानं हात पुढे केला आणि करंगळीपासून एकेक बोट मिटत गेला. ट्रक. जनरेटर. हा फ्लॅट. गाडी. चार बोटं मिटली, त्याची नजर ट्रेवरून वर माझ्या तोंडावर आली, थांबली, आणि अंगठा हळूच त्या चार बोटांवर येऊन बसला. तोंडानं काही नाही. मग तो हसला, मूठ उघडली, त्याच हातानं कप उचलला आणि म्हणाला, "आन् आता हे यॉट." रुपराव हसले. मीही हसले. हसू आधी येतं, अर्थ मागून येतो, अशी माझी जुनी खोड आहे. स्वयंपाकघरात गेल्यावर गॅसपाशी उभं राहून मी माझ्याच हातावर मोजून पाहिलं. ट्रक, जनरेटर, फ्लॅट, गाडी. फ्रिज नवा आहे, सोफा नवा आहे. चिन्मयी, आमची मुलगी, पुण्याला नोकरी करते, तीही आमचीच, नवीच म्हणायची. मग अंगठा कोणाचा? चहाचं पातेलं घासायला टाकलं आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

सांगून टाकते, उगाच कोडं नको. मी पाटाची बायको. आमच्याकडे बाईचं लग्न एकदाच लागतं. दुसऱ्यांदा लागतो तो पाट. पहिलं लग्न कामठीला झालं होतं, बँड लावून, बाबांनी ऐपतीबाहेर जाऊन केलेलं. त्या घराच्या मागल्या अंगाला यंत्रमाग होते, दिवसभर खटखट, रात्री खटखट, आणि माग बंद पडले की घरातली माणसं एकमेकांची तोंडं चुकवायची. नवऱ्याचं मन दुसरीकडे होतं. त्यानं ते लपवलंही नाही, तेवढा तरी तो प्रामाणिक. दोन वर्षांनी बाबा मला शेअर ऑटोत बसवून परत घेऊन आले, माझी सुटकेस स्वतःच्या मांडीवर धरून. बाबा, म्हणजे मनोहरराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, राखेच्या खात्यात, आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. क्वार्टरच्या दारात जयवंता आत्या उभी होती. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि माझ्याशी न बोलता बाबांना म्हणाली, "आता कोन घेईन इले?" मी आत गेले, हातपाय धुतले आणि कढीभात जेवले. कढी चांगली झाली होती. अशा दिवशी आपल्याला भूक लागते याची मला लाज वाटली, इतकी लाज, की दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

मग कृष्णकांत आला. त्याचं पहिलंच लग्न, दिसायला बरा, खापरखेड्याच्या रस्त्यावर राखेच्या विटांचा कारखाना नुकताच टाकलेला. असा माणूस माझ्यासारखीला विचारायला येतो म्हणजे काय, कॉलनीभर बायका दारात येऊन पाहून गेल्या. मी पोह्याच्या बश्या हातात घेऊन पडद्याआड उभी. तो पडद्याकडे पाठ करून बसला होता. अर्धा तास त्यानं बाबांना राखेबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं, संत्र्याच्या भावाबद्दल विचारलं. मला वाटलं, लाजाळू आहे. लाजाळू! चहा पिऊन झाल्यावर आवाज बारीक करून म्हणाला, "मले काही नको, मनोहरराव. तुमच्यावर वेळ आली म्हनून आलो. हुंडा नको, भांडं नको. पोरगी द्या." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाट दिवेलागणीनंतर लागला, मागल्या खोलीत, दार लोटून. बँड नाही, अक्षता नाहीत, आणि कुमारिकांनी पाट पाहू नये म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला, करिष्माला, शेजारच्या क्वार्टरमध्ये नेऊन बसवलं. ती खिडकीच्या गजांतून आमच्या दाराकडे बघत होती, ते मला दिसलं होतं. सगळी कॉलनी म्हणाली, पोरगा मोठ्या मनाचा. मीही म्हणाले. पंचवीस वर्षं मी तेच म्हणत आले. त्याच्या ताटात पोळी वाढताना, त्याच्या शर्टावरची राख झटकताना, तो उगाच चिडला तरी गप्प बसताना, मनात एकच: या माणसानं तुला घेतलं, बाई, विसरू नको. सासूबाई, जिजाबाई, त्या मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत, हे खरं सांगायला पाहिजे. फक्त घरात काही शुभकार्य निघालं की त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "कामिनी, तू पुरनाचं पाह्य." आणि ओवाळायला, ओटी भरायला, नारळ वाढवायला पहिल्या लग्नाची कोणीतरी असायची, आधी जाऊबाई, त्या गेल्यावर त्यांची सून हिमानी. मी पुरण वाटत राहायची. माझं पुरण कधी बिघडलं नाही.

त्या रविवारनंतर मला दुसरं काही सुचेना. भाजी निवडताना अंगठा, बसमध्ये अंगठा, फळ्यासमोर अंगठा. मी ज्युनियर कॉलेजात वाणिज्य शिकवते, आणि त्या आठवड्यात धडा कोणता यावा? घसारा. वस्तू वापरली की झिजते, काळ गेला की जुनी होते, नवी निघाली की मागे पडते, म्हणून दर वर्षी तिची किंमत थोडी कमी करत जायची, त्याला घसारा म्हणतात. माझं तोंडपाठ आहे. एक पद्धत अशी की दर वर्षी सारखीच रक्कम कापायची, मग एक दिवस वस्तू संपते. दुसरी पद्धत अशी की उरलेल्या किमतीवर टक्का कापायचा. पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा घास जातो, मग घास लहान लहान होत जातात आणि किंमत कधीच शून्य होत नाही, थोडी थोडी उरत राहते. हे मीच कृष्णकांतला समजावलं होतं, लग्नानंतर लवकरच. त्याला केवढं आवडलं होतं! तो शिकलेला कमी, पण ही गोष्ट त्याच्या हाडात आधीपासून होती, मी फक्त तिला शब्द दिले. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माझे शब्द ऐकवतो: पहिल्या मालकानं घसारा खायचा, दुसऱ्यानं माल खायचा. नवं घेते तो येडा. पुस्तकात मात्र एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि ती मला फळ्यासमोर हातात खडू असताना सुचली. शोरूमच्या दारातून गाडी बाहेर पडली की तिची किंमत उतरते. गाडीत काय झिजलं? काही नाही. टायरला माती लागलेली नसते. कागदावर कोणाचं तरी नाव चढलेलं असतं, तेवढंच. कामठीहून परत आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, दात शाबूत, केस कमरेपर्यंत, बी.कॉम.ला पहिला वर्ग. पोरं माझ्याकडे बघत होती. मी फळा पुसला आणि त्यांना पुढचं उदाहरण दिलं.

मला एकच गोष्ट हवी होती, फार नाही. या माणसानं मला निवडलं की स्वस्तात मिळते म्हणून उचललं, ते मला कळायला हवं होतं. या वयात त्यानं काय फरक पडतो, असं कोणी म्हणेल. पडतो. मी त्या एका गोष्टीवर पंचवीस वर्षं भाकरी खाल्ली होती. विचारायचं कसं, हेच समजेना. अहो, तुम्ही त्या दिवशी अंगठा मिटला तो कोणाचा? तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनात अरे-तुरे, आणि या दोघांच्या मध्ये प्रश्न अडकून बसला.

यॉट पाहायला तो मला सोबत घेऊन गेला, अलिबागेकडच्या एका खाडीत. त्याचा बेत असा होता की नागपूरजवळच्या एका धरणाच्या पाण्यात ती उतरवायची आणि वाढदिवसाला, लग्नाआधीच्या फोटोंना भाड्यानं द्यायची. पहिल्या लग्नाच्या नवऱ्या मुली दुसऱ्याच्या उतरलेल्या बोटीवर ओढण्या उडवत उभ्या राहणार, म्हणजे गंमतच. ती चिखलात कलून उभी होती. पांढरी, लांब, दोन इंजिनांची, आत बिछाना आणि भातुकलीएवढं स्वयंपाकघर. नवी असताना तिची किंमत काय होती ते ऐकून मी मनातल्या मनात घसारा कापत बसले. मालक सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले गृहस्थ. बायको वारलेली. बोटीच्या दोन्ही बाजूंना तिचं नाव होतं, प्रेमलता. ते बोटीला हात लावायचे तेव्हा त्यांचा हात नकळत त्या अक्षरांवर जायचा. कृष्णकांतनं आपण माठ घेताना वाजवतो तशी बोट बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवून पाहिली. चांगलं असं एक अक्षर बोलला नाही. मग बोटीकडे पाठ करून उभा राहिला आणि त्या गृहस्थांना बोंबलाचे भाव विचारू लागला. वाऱ्याबद्दल विचारलं. भरती-ओहोटीबद्दल विचारलं. ही पाठ मी पाहिली होती. चहा आला, चहा पिऊन झाला, आणि त्यानं आवाज बारीक केला. "मले काही गरज नाही, साहेब. तुमच्यावर वेळ आली म्हनून विचार करून राहिलो. मले काही नको. सामान नको, कवर नको. बोट द्या." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी बाबांच्या आलं होतं तसं, खालच्या पापणीवर येऊन थांबलेलं. त्यांनी किंमत मान्य केली आणि एकच मागणं केलं, नाव तेवढं राहू द्या. कृष्णकांत म्हणाला, नाव ठेवाचं असन तं मग अजून थोडं उतरा. ते उतरले. बायकोचं नाव राहावं म्हणून तो माणूस उतरला आणि मी चिखलातल्या खेकड्याकडे बघत उभी राहिले. बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. माझा पाट लागला त्याच महिन्यात बाबांनी त्याची राखेच्या साहेबांशी गाठ घालून दिली होती, कारखान्याला लागेल तेवढी राख त्याला मिळत गेली, हे मला तिथे, खाडीच्या वासात आठवलं. म्हणजे "मले काही नको" म्हणणाऱ्याच्या पदरात बरंच पडलं होतं. परतीच्या गाडीत तो घोरत होता आणि मला त्याचा इतका राग आला की खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बसले.

बोट आली. लांबलचक ट्रेलरवर लादून, रस्त्यारस्त्यानं वायरी काठीनं वर उचलत आली, आणि कारखान्यात विटांच्या थप्प्यांशेजारी उभी राहिली ती उभीच. धरणावरची परवानगी आज मिळते, उद्या मिळते. मग उन्हाळा लागला आणि पाणी इतकं खाली गेलं की समुद्राची बोट तिथे बुडाला टेकली असती. नागपूरचा माणूस समुद्राची बोट घेतो आणि मार्चनंतर आपल्या धरणात पाणी किती उरतं ते बघत नाही, याला काय म्हणावं? स्वस्त आहे म्हटलं की याचे डोळेच जातात. इंजिन सुरू होईना, मुंबईहून मिस्त्री बोलावला, त्याचं विमान, त्याचं हॉटेल. तो म्हणाला, फायबरच्या थरांत जागोजागी ओल गेली आहे, उघडून वाळवावं लागेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जेवताना मी सहज म्हटलं, पहिल्या मालकानं घसारा खाल्ला तरी सगळा खात नाही तो, थोडा उरतोच. कृष्णकांतनं ताटावरून मान वर केली नाही. मला बरं वाटलं. वाईट बाई आहे मी, असू दे.

पण तो रोज संध्याकाळी बोट पुसायचा, हेही सांगितलं पाहिजे. कारखान्यात राख सारखी उडते, दिवसभरात ती पांढरी बोट करडी होऊन जायची, आणि हा बनियनवर, बादली आणि फडकं घेऊन, शिडीवर चढून एकेक हात पुसत आणायचा. त्याचं तसंच आहे. घेतलेली वस्तू त्यानं आजवर कधी विकली नाही. तो पहिला ट्रक अजून शेडमध्ये आहे, दर अमावस्येला त्याला तेलपाणी होतं. चिन्मयी तान्ही असताना मला टायफॉईड झाला होता, तेव्हा याच हातानं, असंच फडकं पिळून, तो माझं कपाळ पुसत रात्र रात्र बसला होता. तेव्हा मला वाटलं होतं, याहून जास्त कोणाला काय मिळतं? आता शेडच्या दारात उभी राहून मी त्याला बोट पुसताना पाहायची आणि ठरवता यायचं नाही. पुसणं तेच होतं. माया करतो की देखभाल करतो? आणि ज्याचं कपाळ पुसलं जातंय त्याला फरक कळतो का? मला कळला नव्हता. मला फक्त एवढा दिलासा होता की हा विकत नाही. जो विकत नाही तो वस्तूची किंमत कशाला बघत बसेल? त्या एका दिलाशाला मी धरून होते.

दसरा जवळ आला तसं त्यानं रंगारी लावला. प्रेमलता खरवडून काढली आणि तिथे निळ्या रंगात लिहिलं, कामिनी. मला न विचारता. घरी येऊन फोनवर फोटो दाखवला, काय खूश होता! मी म्हटलं, त्या म्हाताऱ्याला शब्द दिला होता. तो म्हणाला, म्हातारा काय नागपूरले पाहाले येऊन राहिला का वं? मी फोटो मोठा करून पाहिला. पुसलेलं नाव पूर्ण गेलं नव्हतं. भोवतालचा रंग उन्हानं इतकी वर्षं पिवळा पडत गेला आणि अक्षरांखालचा तेवढा पांढरा राहिला, त्यामुळे माझ्या निळ्या नावाखाली तिचं पांढरं नाव स्पष्ट वाचता येत होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ते परवडलं. इथे तर नावाच्या खाली नाव. मी फोन परत दिला आणि कणीक मळायला घेतली.

दसऱ्याला कारखान्यात दर वर्षी यंत्रांची पूजा असते. यंदा मधोमध बोट. झेंडूची माळ तिच्या नाकापासून मागच्या टोकापर्यंत, चढायला राखेच्या विटांच्या पायऱ्या रचलेल्या, ताडपत्रीखाली खुर्चीत सासूबाई, मजुरांच्या बायका पोरं घेऊन आलेल्या, रुपराव नवा सदरा घालून. अमोल, म्हणजे कारखाना बघणारा आमचा पुतण्या, आणि त्याची बायको हिमानी ताट घेऊन तयार. मी पुरणपोळ्यांचे डबे टेबलावर मांडत होते. कृष्णकांत एकटाच बोटीच्या नाकाशी उभा राहून रुमालानं शेवटची राख टिपत होता. माझं नाव टिपत होता. मी डबा ठेवला, पदराला हात पुसले आणि त्याच्याजवळ गेले. विचारायचं असं ठरवलं नव्हतं. तोंडातून आलंच. "त्या दिवशी रुपराव भाऊजींसमोर अंगठा मिटला, तो कोणाचा?"

मला वाटलं होतं तो म्हणेल, कोणता अंगठा, कधी? विसरला असता तरी मी सोडून दिलं असतं, देवाशपथ. पण सौद्याची गोष्ट तो विसरत नाही. त्याच्या तोंडावर हसू आलं, खरं, मायेचं, मी त्याच्या तोंडावर क्वचित पाहिलेलं. "तुहाच ना वं. आनखी कोनाचा? माह्या जिंदगीतला सगळ्यात मस्त सौदा तूच." आणि मला कळलं नसेल असं वाटून त्यानं समजावलं. "नवी केली असती तं नखरे असते, मागन्या असत्या. तू कधी काही मांगतलंच नाही." त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला. तो मला चांगलंच बोलत होता. त्याच्याकडे याहून मोठं बोलणं नव्हतं, आणि ते त्यानं मला दसऱ्याच्या दिवशी, मनापासून दिलं होतं. मला वाटलं होतं कळलं की रडू येईल. रडू आलं नाही. पोटात आग पडली, आणि ती कामठीची नव्हती, जयवंता आत्याची नव्हती, सासूबाईंची नव्हती. ती माझी मला आली होती. काही मागितलंच नाही! दुसऱ्यांदा भात मागितला नव्हता त्या दिवसापासून मी मागणं सोडलं होतं, आणि हा त्यालाच नफा समजत होता.

तिकडे गुरुजींनी नारळ म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, हिमानी, तू वाढव. मग सवयीनं, माझ्याकडे न बघता, "कामिनी, तू पुरनाचं पाह्य." मी हिमानीच्या हातातून नारळ घेतला. तिनं दिलाही लगेच, पोरगी गोंधळली होती. मी विटांच्या पायऱ्या चढले. नारळ गाडीपुढे दगडावर फोडतात हे मला ठाऊक आहे, खाली दगड मांडलेलाही होता. मी तो बोटीच्या नाकावर, जिथे 'का' होता तिथे, दोन्ही हातांनी घातला. नारळ पहिल्याच घावाला फुटला, पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं, आणि त्यामागून कडकन आवाज आला तो नारळाचा नव्हता. ओल धरलेलं फायबर तडकलं होतं. 'का'पासून निघालेल्या रेघा चारी बाजूंना गेल्या, आणि एक लांब रेघ खालच्या पांढऱ्या प्रेमलतेतून आरपार उतरली.

कृष्णकांत पायऱ्या चढत आला, मला बाजूला करून पुढे झाला आणि त्या तड्यावर हात फिरवू लागला. हळूहळू, बोटाच्या टोकांनी, कपाळावरून फिरवावा तसा. त्यानं मला शिवी दिली असती, हात उगारला असता, तर मी काय केलं असतं कोण जाणे. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तडा बोटानं शेवटपर्यंत मोजला आणि अमोलकडे वळून, रडवेल्या आवाजात म्हणाला, "आता कोन घेईन इले?"

मी नारळाचं भकल हातात धरून तशीच उभी. खापरखेड्याचं ते दार, सुटकेस घेऊन ऑटोतून उतरणारे बाबा, आतून येणारा कढीचा वास. म्हणजे हाही बघतच होता. न विकणारा माणूस. वर्षानुवर्षं तेलपाणी करत होता, फडकं फिरवत होता आणि मनात कुठेतरी भाव धरून बसला होता, विकली तर काय येईल. ट्रकचा, फ्लॅटचा, अंगठ्याचा.

"कोणी नका घेऊ," मी म्हटलं. आवाज मोठा नव्हता, पण खाली सगळ्यांना गेला. "हा घसारा पहिल्या मालकाचा नाही. हा तुमचा आहे."

त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. तो तड्यावर हात ठेवून उभाच होता. मी पायऱ्या उतरले, खोबऱ्याचे तुकडे केले आणि वाटायला घेतले. मजुरांच्या बायकांना दिले, रुपरावांना दिला, त्यांनी जन्मात पहिल्यांदा काही न बोलता हात पुढे केला. सासूबाईंसमोर गेले तेव्हा त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी पदर पसरला आणि मी त्यात तुकडा टाकला. पुरणाच्या डब्यांवर माश्या बसायला लागल्या होत्या. मी झाकणं लावली, खुर्ची ओढून बसले, दोन पुरणपोळ्या ताटात घेतल्या, वर तूप घेतलं आणि हिमानीला म्हटलं, अजून एक वाढ. मला सपाटून भूक लागली होती.